उन्हाने माती स्वच्छ होते का? प्रकाश-उत्प्रेरकांबद्दल गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'पांढरी पावडर टाकायची, ऊन दाखवायचं, की जमीन शुद्ध होते म्हणे. खरं का?' या ना त्या रूपात हा प्रश्न पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडून येतो. कुणाच्या शेतात खाणीचा गाळ उतरलेला असतो, कुणाच्या विहिरीला पेट्रोलचा वास येत असतो, कुणाच्या दारात एखादा विक्रेता बाटली घेऊन उभा असतो. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे फक्त त्याचा क्रमांक दिला आहे. वेळ कमी असेल तर आधी ४, ५ आणि ७ वाचा. निम्म्याहून अधिक लोकांचं काम तिथेच संपतं.

१. प्रकाश-उत्प्रेरक म्हणजे काय? त्याने माती कशी स्वच्छ होते?

उजेड पडला की रासायनिक क्रिया घडवून आणणारा, पण त्या क्रियेत स्वतः न संपणारा पदार्थ म्हणजे प्रकाश-उत्प्रेरक. बहुतेक प्रकाश-उत्प्रेरक अर्धवाहक असतात. पुरेशा ऊर्जेचा प्रकाश कणावर पडला की त्यातला इलेक्ट्रॉन जागा सोडतो आणि मागे धन प्रभाराची पोकळी राहते. दोघं कणाच्या पृष्ठभागापर्यंत पोचले, तर पोकळी ओलाव्यातल्या पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक बनवते आणि इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे एक इलेक्ट्रॉन सुटा असलेला अस्थिर तुकडा, भलताच आक्रमक असतो. तेल, कीटकनाशकं, रंग अशा कार्बनी रेणूंचे तो तुकडे करत जातो आणि सगळं सुरळीत झालं तर शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडे क्षार उरतात. मध्येच थांबलं तर काय होतं, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

हा मूलक काही नॅनोसेकंदच टिकतो. तेवढ्या वेळात तो लांब कुठे जाऊच शकत नाही. त्यामुळे उजेड, ओलावा, ऑक्सिजन, उत्प्रेरकाचा कण आणि प्रदूषक असे पाचही जण एकाच जागी भेटावे लागतात. मातीत ही भेट घडवणं हीच खरी अडचण आहे. बाकीचं रसायनशास्त्र पाठ्यपुस्तकात मिळतं.

२. हे तंत्र नवीन आहे का?

नाही. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन होतं, हे १९७२ साली प्रसिद्ध केलं. तिथून या विषयाला वेग आला. पाणी आणि हवा शुद्ध करण्यासाठी, स्वतःहून साफ होणाऱ्या काचा आणि फरशांसाठी त्याचा व्यवहारात वापर झाला. माती मात्र अजून बरीचशी प्रयोगशाळेत आणि छोट्या चाचण्यांमध्येच अडकली आहे.

३. कोणती पावडर वापरतात?

सर्वात जास्त वापर टायटॅनियम डायऑक्साइडचा, त्यातही 'अ‍ॅनाटेज' या स्फटिकरूपाचा. त्याचं ऊर्जा-अंतर (इलेक्ट्रॉनला जागा सोडायला लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटर किंवा त्याहून आखूड तरंगलांबीचाच प्रकाश त्याला चालतो. ही अतिनील बाजू झाली. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम ४ ते ५ टक्के असतो. म्हणजे आपलं भर एप्रिलमधलं ऊनसुद्धा या पावडरीच्या दृष्टीने बहुतांशी वाया जातं.

झिंक ऑक्साइडचंही ऊर्जा-अंतर जवळपास तेवढंच आणि कामही चांगलं, पण ते आम्लात विरघळतं. गोव्याची जांभ्याची जमीन बहुधा आम्लधर्मी, तेव्हा ते इथे टिकत नाही, शिवाय मातीत जस्त सोडतं. दिसणाऱ्या प्रकाशावर चालणारे पर्याय आहेत. ग्राफायटिक कार्बन नायट्राइडला साधारण ४६० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश चालतो, बिस्मथ व्हॅनाडेटला त्याहूनही थोडा पुढचा. कॅडमियम सल्फाइडचं नाव इंटरनेटवर दिसलं तर ते पान बंद करा. ते प्रकाशात स्वतःच झिजतं आणि कॅडमियम जमिनीत जातं.

४. कोणतं प्रदूषण याने जातं आणि कोणतं जात नाही?

कार्बनी प्रदूषक जाऊ शकतात: डिझेल आणि वंगणाचे अवशेष, अर्धवट जळण्यातून आलेले बहुवलयी हायड्रोकार्बन, बरीच कीटकनाशकं आणि तणनाशकं, रंगद्रव्यं, काही औषधांचे अवशेष.

धातू जात नाहीत. लोह, मँगनीज, तांबं, शिसं, कॅडमियम, पारा ही मूलद्रव्यं आहेत. जगातला कुठलाही उजेड त्यांचे तुकडे करू शकत नाही. फार तर त्यांचं रूप बदलतं. सहासंयुजी क्रोमियम हा विषारी आणि पाण्याबरोबर सहज वाहणारा. तो इलेक्ट्रॉन घेऊन त्रिसंयुजी होतो आणि मातीला धरून बसतो, हा खरा फायदा. आर्सेनिकचं उलट: त्रिसंयुजी रूपाचं पंचसंयुजी झालं की ते लोहाच्या ऑक्साइडला अधिक घट्ट चिकटतं. पण क्रोमियमच्या बाबतीत आपल्याकडे एक अडचण आहे. मँगनीजचे ऑक्साइड त्रिसंयुजी क्रोमियमला पुन्हा सहासंयुजी करू शकतात. सांगे-केप्याकडच्या मँगनीज खनिजाच्या पट्ट्यात असा प्रयोग कुणी सुचवला, तर हा प्रश्न त्याला आधी विचारा.

मीठ जात नाही. प्लास्टिकचे तुकडे नावापुरते झिजतात.

५. खाणीचा लाल गाळ शेतात येऊन बसला आहे. त्यावर हे चालेल का?

नाही. हा प्रश्न सर्वात जास्त येतो, आणि उत्तर लिहिताना दर वेळी वाईट वाटतं, पण ते बदलत नाही.

पिसुर्ले, शिरगाव, मये आणि खाणपट्ट्यातल्या इतर गावांच्या शेतात डंपवरून, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगांवरून, जे वाहून आलं, ते मुख्यतः लोहखनिजाची बारीक भुकटी आणि चिकणमाती आहे. काही ठिकाणी सोबत मँगनीज आहे. यात कार्बनी प्रदूषक जवळजवळ नाहीच, तेव्हा मूलकांनी तोडायचं काय? शिवाय भाताचं नुकसान रसायनापेक्षा भौतिक कारणांनी अधिक होतं. बारीक कण छिद्रं बुजवतात, वाळल्यावर वर कडक पापुद्रा धरतो, मुळांना हवा मिळत नाही, मूळची सुपीक माती खाली गाडली जाते. त्यावरचे उपाय जुनेच आणि कष्टाचे आहेत: गाळ काढणं, ओढ्या-नाल्यांची साफसफाई, डंपच्या पायथ्याशी बांध आणि गाळ अडवायचे खड्डे, उतारावर झाडं, शेतात शेणखत आणि हिरवळीचं खत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ खाणपट्ट्यांचं (लीजचं) नूतनीकरण रद्द केलं, तेव्हा 'आता खाणी बंद, जमीन आपोआप सुधारेल' असं अनेकांना वाटलं होतं. खाण बंद झाली तरी डंप जागेवरच असतो आणि पाऊस दर वर्षी येतो. गाळावर टाकण्यासाठी कुणी तुम्हाला 'नॅनो' काहीतरी विकत असेल, तर ते पैसे जेसीबीच्या भाड्याला ठेवा.

६. आमची माती लोहाने भरलेली आहे. लोहाचा ऑक्साइडही अर्धवाहक आहे ना? मग ती आपोआप स्वच्छ का होत नाही?

फर्मागुडीच्या एका विद्यार्थ्याने विचारलेला हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. जांभ्याला लाली देणारं हेमॅटाइट खरोखरच अर्धवाहक आहे. ऊर्जा-अंतर २.१ ते २.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाचा मोठा भाग ते शोषतं. कागदावर ते टायटॅनियमपेक्षा सरस दिसतं.

घोडं पेंड खातं ते पुढे. हेमॅटाइटमधली पोकळी अवघी २ ते ४ नॅनोमीटर सरकते आणि तेवढ्यात इलेक्ट्रॉन तिला पुन्हा गाठून भरून टाकतो. शोषलेली ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. शिवाय तिथल्या इलेक्ट्रॉनमध्ये ऑक्सिजनला पकडण्याइतका जोर नसतो. जांभ्यात टायटॅनियमची खनिजंही थोडी असतात, पण ती भरड, लोहाच्या लेपाखाली दडलेली. उलट लाल माती बाहेरून घातलेल्या उत्प्रेरकाच्या वाट्याचा उजेड आधीच गिळून टाकते. म्हणून पांढऱ्या वाळूत मिळालेले निकाल आपल्या मातीत तसेच मिळत नाहीत.

तरी लोह अगदीच निरुपयोगी नाही. ऑक्झॅलिक आम्लासारखी सेंद्रिय आम्लं, जी मुळांमधून आणि बुरशींमधूनही पाझरतात, लोहाशी जोडली गेली की ती संयुगं निळ्या-हिरव्या प्रकाशापर्यंत शोषतात आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड व मूलक तयार होतात. याला प्रकाश-फेंटन क्रिया म्हणतात. नेहमीची फेंटन क्रिया (लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडपासून उजेडाशिवाय मूलक बनवणारी) सामू ३ च्या आसपास उत्तम चालते, आणि शेताचा सामू तिथवर उतरवायचा म्हणजे शेतच घालवायचं. ऑक्झॅलेट किंवा सिट्रेटच्या मदतीने ती कमी आम्लतेतही चालते. जांभ्याच्या जमिनीसाठी संशोधन करायचं तर मी या दिशेला पैसे लावीन.

७. ऊन मातीत किती खोल जातं?

जवळजवळ जातच नाही. मातीत प्रकाशाची थेट क्रिया साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतच संपते. गडद, लाल, बारीक मातीत त्याच्याही आधी.

आता हिशेब करू. १०० चौरस मीटरचा तुकडा, १५ सेंटीमीटर खोल. एवढी माती १५ घनमीटर होते, वजन अंदाजे २० टन. अर्ध्या मिलिमीटरच्या थराने मोजली तर एकावर एक ३०० थर. प्रयोगशाळेत मातीच्या वजनाच्या एखाद-दोन टक्के उत्प्रेरक घालतात. एक टक्का धरला तरी या तुकड्याला २०० किलो पावडर लागेल. दोन-तीन टक्क्यांचं गणित तुम्हीच करा.

म्हणून शेतात पावडर फेकून ऊन दाखवणं ही पद्धत नव्हेच. ज्या पद्धतींना थोडाफार अर्थ आहे, त्या अशा.

माती उजेडात आणायची: दूषित माती खणून, चाळून, ताडपत्रीवर दोनेक सेंटीमीटरचा थर पसरायचा, हलका ओलावा ठेवायचा आणि कोकमाची सोलं वाळवताना परततो तशी परतत राहायची. वरच्या २० टनांना त्यासाठी ७५० चौरस मीटर जागा लागते. माती थोडी असेल तरच हे शक्य आहे.

प्रदूषक पाण्यात आणायचा: माती पृष्ठसक्रियकाच्या, म्हणजे साबणासारख्या द्रव्याच्या पाण्याने धुवायची आणि ते धुवण उत्प्रेरक असलेल्या उथळ टाकीत किंवा काचेच्या नळ्यांमध्ये उन्हात फिरवायचं. पाण्यात उजेड शिरतो, उत्प्रेरक परत मिळवता येतो, निकालही मोजता येतो. माझ्या मते व्यवहारात उतरू शकेल अशी हीच वाट आहे. मात्र पृष्ठसक्रियकही कार्बनी असतो आणि तोही मूलक खातो, त्यामुळे वेळ वाढतो.

वाफ बाहेर काढायची: पेट्रोलसारख्या उडणाऱ्या पदार्थांसाठी. प्रश्न १४ पाहा.

८. पावसाळ्यात काय?

बंद. ढगांमुळे ऊन कमी, मातीची छिद्रं पाण्याने भरल्याने ऑक्सिजन कमी, आणि आपल्याकडचा पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास. पसरलेली पावडर आणि सुटलेला प्रदूषक दोन्ही पहिल्या सरीतच ओहळात. काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये उरकायचं आणि माती झाकलेल्या, बांध घातलेल्या जागी ठेवायची. वायंगण शेती (पावसाळ्यानंतरचं भाताचं दुसरं पीक) असलेल्या जमिनीला तर हाही काळ मोकळा मिळत नाही.

९. उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिक अंथरून माती तापवतात, ते हेच का?

नाही. ते मृदा-सौरीकरण. त्यात उष्णतेने बुरशी, सूत्रकृमी आणि तणांचं बी मरतं, रासायनिक प्रदूषकाला फारसा धक्का लागत नाही. ती पद्धत आपल्या जागी उत्तम आहे.

१०. शेडमध्ये किंवा पॉलीहाऊसमध्ये करता येईल का? दिवे लावले तर?

छप्पर कशाचं आहे ते बघा. पॉलिकार्बोनेटचे पत्रे जवळजवळ सगळा अतिनील प्रकाश अडवतात. त्याखाली टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे निव्वळ पांढरी माती. पॉलीहाऊसच्या प्लास्टिकमध्येही बहुधा अतिनील शोषणारी द्रव्यं असतात. साधी खिडकीची काच त्या मानाने बरी, ३२० नॅनोमीटरच्या पुढचा बराचसा प्रकाश ती जाऊ देते.

दिव्यांसाठी ३६५ नॅनोमीटरचे एलईडी मिळतात. त्यांचा उपयोग धुवणाच्या टाकीला, मातीच्या ढिगाला नव्हे. जंतू मारायचे २५४ नॅनोमीटरचे दिवे घरगुती प्रयोगात अजिबात आणू नका, डोळे आणि त्वचा दोन्ही भाजतात.

११. कुळागरात वर्षानुवर्षं बोर्डो फवारला आहे. सुपारीखालच्या जमिनीतलं तांबं याने निघेल का?

निघणार नाही, कारण ते प्रश्न ४ मध्ये आलंच. पण प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. कोळेरोगासाठी एक टक्का बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) करताना १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद पडतो. त्यात २५० ग्रॅम तांबं असतं. पावसाने पानांवरून ओघळलेलं तांबं वरच्या थरातल्या सेंद्रिय भागाला धरून बसतं आणि वर्षागणिक साचत जातं.

आधी मोजून घ्या. मृदा आरोग्य पत्रिकेत उपलब्ध तांब्याचा आकडा येतो. जास्त निघालं तर सामू थोडा वाढवणं, सेंद्रिय खत घालणं आणि फवारणी गरजेपुरती करणं, एवढंच हातात आहे. चुना घालून सामू वाढला की तांब्याची उपलब्धता घटते.

१२. काजूबागेत किंवा भाजीच्या वाफ्यात जुन्या कीटकनाशकांचे अवशेष असतील तर?

इथे तत्त्वतः उपयोग आहे, पण सर्वांत फसवं प्रकरणही हेच आहे. मूळ रेणू गेला म्हणजे विष गेलं असं नव्हे.

क्लोरपायरिफॉस घ्या. त्याचं ऑक्सिडीकरण होताना ऑक्सॉन बनतं, जे मज्जासंस्थेवर मूळ द्रव्यापेक्षा अधिक तीव्र परिणाम करतं. पुढे ट्रायक्लोरोपिरिडिनॉल बनतं. ते पाण्याबरोबर जास्त सहज वाहतं, म्हणजे विहिरीकडे निघतं. अ‍ॅट्राझिन या तणनाशकाची गाडी सायन्युरिक आम्लापाशी येऊन थांबते. टायटॅनियम डायऑक्साइडला ते पुढे तोडताच येत नाही. सुदैवाने ते फारसं विषारी नाही. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी बंदी घातली. मातीत त्याचं एन्डोसल्फान सल्फेट होतं, जे विषारी तर असतंच, शिवाय मूळ द्रव्यापेक्षा जास्त टिकतं. तेव्हा तपासणी मागताना 'एन्डोसल्फान' एवढंच न लिहिता दोन्ही रूपं (अल्फा आणि बीटा) आणि सल्फेट असं स्पष्ट लिहा.

घराच्या पायात वाळवीसाठी ओतलेल्या औषधाबद्दलही विचारतात. पायाखाली उजेड नेणार कसा? तो प्रश्न सोडून द्या आणि विहीर जवळ असेल तर पाणी तपासा.

१३. खाजन जमिनीत मिठामुळे काही फरक पडतो का?

खाजन म्हणजे भरतीचं खारं पाणी बांधाने अडवून लागवडीला आणलेली जमीन. तिथे फरक पडतो, आणि वाईटच. क्लोराइड हायड्रॉक्सिल मूलकाला मध्येच पकडतं. काम मंदावतं आणि त्यातून क्लोरीनचे मूलक तयार झाले तर नवी क्लोरीनयुक्त कार्बनी संयुगं बनण्याचा धोका असतो. म्हणजे साफ करायला जाऊन घाण वाढायची. बायकार्बोनेटही मूलक खातं, पण नुसता वेग कमी करतं.

खाजनात तेल किंवा रसायन शिरलं असेल, तर आधी मानशीचं (बांधातल्या पाण्याच्या झडपेचं) दार आणि बांध पाहा, ते येतंय कुठून ते शोधा. गोड्या पाण्याने क्षार धुतल्याशिवाय उत्प्रेरकाचा विचार करू नये. आणि खाजनात मासळी, खेकडे, तिसऱ्या (शिंपले) असतात. तिथे नॅनो पावडर मोकळी सोडायला माझा साफ विरोध आहे.

१४. पेट्रोल-डिझेल जमिनीत मुरलं आहे, विहिरीला वास येतो. काय करावं?

आधी विहिरीजवळ आग, विडी, पंपाची ठिणगी काही नको. २०२४ च्या सुरुवातीला दाबोळीजवळच्या माटवे भागात विहिरींमध्ये इंधन उतरल्याच्या बातम्या सर्वांनी वाचल्या आहेत. जांभा सच्छिद्र, आतून बारीक बोगद्यांनी पोखरलेला असतो. त्यात इंधन कुठल्या बाजूने आणि किती वेगाने सरकेल ते वरून पाहून सांगता येत नाही.

पेट्रोल, नाफ्था यांतले बेंझीन आणि टोल्युइनसारखे घटक उडून जातात. अशी माती उन्हात पसरली की ती दोन दिवसांत 'स्वच्छ' दिसते, कारण विष हवेत गेलेलं असतं. ही सफाई नव्हे, स्थलांतर आहे. योग्य पद्धत म्हणजे जमिनीत नळ्या घालून वाफ शोषून घेणं आणि ती वाफ सक्रिय कोळशातून किंवा उत्प्रेरक असलेल्या प्रकाशित पेटीतून नेणं. वायूवर प्रकाश-उत्प्रेरक चांगलं काम करतात. हे कंत्राटदाराचं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम आहे, घरमालकाचं नव्हे.

गॅरेजमागे सांडलेलं डिझेल किंवा जुनं इंजिन ऑइल हा वेगळा मामला. ते उडत नाही, मातीला चिकटून राहतं. थोडी माती असेल तर प्रश्न ७ मधली धुण्याची पद्धत, जास्त असेल तर प्रश्न १९.

१५. समुद्रकिनाऱ्यावरच्या डांबरगोळ्यांवर फवारलं तर?

काही होणार नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी कोलवा, बाणावली, कांदोळीच्या वाळूत येणारे हे गोळे समुद्रात सांडलेल्या तेलाचे, उन्हाने आणि लाटांनी आधीच जून झालेले असतात. ऊन जे करू शकत होतं ते वाटेतच करून झालेलं असतं. आतल्या काळ्या गोळ्यात उजेड शिरत नाही. हातमोजे घालून वेचणं, हाच उपाय.

१६. रंगाच्या दुकानात टायटॅनियम डायऑक्साइड स्वस्त मिळतो. तो चालेल का?

चालत नाही. रंगातला टायटॅनियम डायऑक्साइड बहुधा रुटाइल रूपाचा असतो आणि त्याच्या कणांवर मुद्दाम सिलिका-अ‍ॅल्युमिनाचा लेप देतात. रंगाने उन्हात स्वतःलाच खाऊन टाकू नये यासाठीच तो लेप असतो. दिसायला पावडर सारखीच पांढरी, काम बरोबर उलट.

१७. पावडर जमिनीत उरली तर? गांडुळं, जिवाणू, आपण?

उरतेच. नष्ट होत नाही म्हणूनच तर ती उत्प्रेरक. उजेडात ती चांगल्या-वाईट सगळ्याच सूक्ष्मजीवांना मारते. मूलकाला रायझोबियमसारखा नत्र बांधणारा उपयोगी जिवाणू ओळखता येत नाही. मातीतल्या ह्युमसवरही तो तुटून पडतो, म्हणजे सुपीकतेचाच एक भाग जळतो आणि तेवढा मूलक प्रदूषकाच्या वाट्याला येत नाही. अंधारात, खोल थरात पावडर बव्हंशी गप्प असते.

माणसाला धोका धुळीचा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासातून जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला २बी गटात, म्हणजे 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात ठेवलं आहे. खाद्यपदार्थांत त्याचा वापर युरोपीय संघाने २०२२ पासून बंद केला. तेव्हा कोरडी पावडर हाताळताना एन-९५ मास्क हवा आणि शक्यतो ती पाण्यात कालवूनच वापरावी. काचेच्या मण्यांवर बसवलेला किंवा चुंबकाने परत ओढता येणारा, आत मॅग्नेटाइट असलेला उत्प्रेरक मिळत असेल तर तो पत्करा.

१८. शाळेत किंवा घरी प्रयोग करून दाखवता येईल का?

येईल, आणि जरूर करा. मत्स्यालयाच्या दुकानातलं मेथिलीन ब्लू घ्या. फिकट निळं पाणी करून तीन सारख्या काचेच्या भांड्यांत ओता. दोन भांड्यांत चिमूटभर अ‍ॅनाटेज पावडर टाका, एकात टाकू नका. पावडरवाल्यांपैकी एक काळ्या कापडात गुंडाळून ठेवा, बाकी दोन्ही उन्हात. मधून मधून ढवळा.

तीन भांडी का? मेथिलीन ब्लू नुसत्या उन्हानेही थोडं फिकटतं आणि काही रंग पावडरीला नुसता चिकटून बसतो. या दोन्ही गोष्टी वजा केल्याशिवाय उत्प्रेरकाचं श्रेय कळत नाही. नंतर चौथं भांडं करा: त्यात पावडरीसोबत एक चमचा अंगणातली लाल माती टाका. रंग जाण्याची गती किती मंदावते आणि किती रंग मातीलाच चिकटतो ते मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे. पाणी विहिरीत किंवा ओहळात ओतू नका. गाळ बसू द्या, वाळवा, बाटलीत भरून ठेवा.

१९. जिवाणूंनी तेल खाण्याची पद्धत आणि ही, यांत बरी कोणती?

डिझेल-वंगणासाठी बहुतेक वेळा जिवाणू. त्यांना उजेड लागत नाही, खोलवर काम करतात, खर्च कमी, आणि गोव्याची उष्ण-दमट हवा त्यांना मानवते. ढीग करून हवा खेळती ठेवायची, नत्र-स्फुरद पुरवायचं, ओलावा राखायचा. वेळ लागतो, महिन्यांच्या हिशेबात.

प्रकाश-उत्प्रेरकाची पाळी येते ती जिवाणूंना न पचणाऱ्या चिवट रेणूंवर: मोठे बहुवलयी हायड्रोकार्बन, काही क्लोरीनयुक्त कीटकनाशकं. आधी प्रकाशाने त्यांचं थोडं तुकडीकरण करायचं आणि उरलेलं जिवाणूंच्या हवाली करायचं, ही जोडपद्धत मला पटते. क्रम मात्र उलटा करू नका, नाहीतर प्रश्न १७ मध्ये सांगितल्याप्रमाणे जिवाणूच मरतील.

२०. आग विझवायच्या फेसातली 'कायमची रसायनं' याने तुटतात का?

दाबोळी आणि मोपा विमानतळांच्या संदर्भात हे विचारलं जातं. त्यांतला कार्बन-फ्लोरिन बंध फार मजबूत असतो आणि साध्या टायटॅनियम डायऑक्साइडपुढे तो जवळजवळ ढिम्म राहतो. विशेष उत्प्रेरकांवर पाण्यातले प्रयोग चालू आहेत. मातीसाठी आज तरी नाही.

२१. मृदा आरोग्य पत्रिकेत सगळं ठीक आहे. म्हणजे माती स्वच्छ, नाही का?

त्या पत्रिकेत १२ गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुख्य आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. पिकाला खत किती द्यायचं हे कळण्यासाठी ती आहे. त्यात कीटकनाशक, तेल, शिसं, कॅडमियम काहीच नसतं. प्रदूषकांसाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत वेगळी तपासणी लागते आणि 'सगळं तपासा' म्हणून चालत नाही, पदार्थांची नावं द्यावी लागतात. नमुना एकाच जागचा नको. शेजारच्या स्वच्छ जागेचाही एक घ्या, तुलनेला.

२२. विक्रेता म्हणतो, 'एका फवाऱ्यात ९० टक्के प्रदूषण जातं.' त्याला काय विचारू?

हे आकडे कुठल्या प्रदूषकाचे? पाण्यातले की मातीतले? माती लाल होती की वाळू? किती जाडीचा थर होता? अंधारात ठेवलेल्या नमुन्याचा आकडा किती? मधली संयुगं मोजली का, एकूण सेंद्रिय कर्ब मोजला का? पावडर परत कशी काढणार? यांतल्या निम्म्या प्रश्नांवर तो घुटमळला, तर चहा पाजून निरोप द्या.

२३. स्वतःच्या जमिनीवर करायला परवानगी लागते का? आणि प्रदूषण दुसऱ्याने केलं असेल तर खर्च कुणाचा?

ताडपत्रीवर दोन घमेली माती घेऊन प्रयोग करायला कुणी अडवणार नाही. पण धुवण नाल्यात सोडलं किंवा दूषित माती दुसरीकडे नेऊन टाकली, तर घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम आड येऊ शकतात. मोठ्या कामाआधी गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा.

खर्चाबद्दल: दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम केंद्राने जुलै २०२५ मध्ये अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा, ९० दिवसांत प्राथमिक तपासणी व्हायची आणि दोषी सापडला तर सफाईचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा, अशी त्यांची रचना आहे. मात्र खाणकाम, समुद्रातलं तेल आणि घनकचऱ्याची डंपिंग मैदानं यांतून झालेलं प्रदूषण सर्वसाधारणपणे या नियमांच्या बाहेर ठेवलं आहे, कारण त्यांना वेगळे कायदे आहेत. म्हणजे पिसुर्ल्याचं शेत, कोलव्याचे डांबरगोळे आणि मडगावचं सोनसोडो कचरा-मैदान, गोव्यात ज्यांची सर्वात जास्त चर्चा होते ती तिन्ही प्रकरणं, साधारणतः या दारातून आत जाऊ शकत नाहीत. औद्योगिक वसाहतीतली गळती किंवा इंधनवाहिनी मात्र जाऊ शकते. तशी शंका असेल तर पंचायतीमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. सोबत सर्व्हे क्रमांक, तारीख घातलेले फोटो आणि पाण्याचा एक तरी तपासणी अहवाल जोडा, आणि पोच घ्यायला विसरू नका.